कोरडी बोटं

काठी वळणावर अडली, तशी अव्वा प्लास्टिकच्या खुर्चीत जरा पुढं सरकून बसली.

"बघ, जायचं मन न्हाय तिचं," ती म्हणाली.

"अव्वा, बोलू नकोस. दम लागतो," मी म्हणाले.

"गप बसलं तरी लागतोय. मग बोलून तरी घेती की."

मथुराबाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी अव्वाच्या गुडघ्यावर थाप मारली. "आगं, लेक सासरी जाताना उंबऱ्यात अडती तशी अडलीय ती. कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाका."

"तूच टाक. तुज्या डब्यात भाकरी हाय न्हवं?"

"माजी भाकरी मी खाणार हाय."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो कोपरा एरवी टॉवेलचे गठ्ठे नेणाऱ्या टेम्पोंनाही अपुरा पडतो. त्या दिवशी तिथं एक ट्रेलर उभा होता, पवनचक्कीची पाती नेतात तसला, आणि त्याच्यावर एक काळी, गोल, पोकळ काठी आडवी होती. पाच एसट्या एकामागे एक लावाव्यात एवढी लांब. रस्त्याची मापं आधी घेऊन झाली होती. पण मधल्या काळात कोपऱ्यावरच्या टॉवेलवाल्यानं आपल्या रंगखात्याला नवी भिंत घातली, आणि ती मापात नव्हती. काठीचा शेंडा त्या भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता.

काठी म्हणजे जहाजाची काठी. तेल कमी जाळावं म्हणून मालाच्या मोठ्या जहाजांवर आता पुन्हा शिडं चढवू लागले आहेत. ती शिडं पेलणारी उंच काठी कार्बनच्या कापडाची करतात, कारण ती लोखंडाहून कितीतरी हलकी असते आणि वाऱ्याला हटत नाही. आमच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये काही वर्षं त्या काठ्यांचे तुकडे तयार होऊन बाहेर जात होते. ही पहिली सबंध काठी. आणि ती ज्या बायकांनी थर लावून उभी केली, म्हणजे खरं तर आडवी केली, त्यांतली एक माझी आई, बसव्वा.

आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी, म्हणून आई आमच्याकडे अव्वा. चार दिवसांपूर्वीच तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. फुप्फुसं थकली होती. घराबाहेर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि काठी निघायच्या दिवशी सकाळी उठून इरकल नेसली. मी वाचनालयातून रजा काढली आणि रिक्षा बोलावली.

तिला एवढंच हवं होतं, की काठी उभी राहिलेली बघायची. झोपलेली तिनं पुष्कळ बघितली होती.

*

शेडमध्ये कामाला लागायच्या आधी बरीच वर्षं अव्वानं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डाव्या हाताला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, उजव्या हाताला पाण्याची वाटी. पान कोरडं पडलं की चिरतं, म्हणून बिडी वळणारीची बोटं सतत ओली. मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायची. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघायला ती माझी पुस्तकं उलटायची, आणि पानांच्या कोपऱ्यांवर तिच्या बोटांचे तपकिरी ओले डाग राहायचे. शाळेत बाई विचारायच्या, पुस्तकावर चहा सांडतेस काय गं.

शेडची बातमी मथुराबाईंनी आणली. त्या मूळच्या मंद्रूपच्या, आमच्याच गल्लीत राहतात. अव्वाच्या आणि त्यांच्या मैत्रीत शिव्यांचं प्रमाण नेहमीच मोठं राहिलं.

"जहाजाचं काम निगालंय म्हणं," त्या दारातूनच म्हणाल्या. "सवय असलेल्या हातांच्या बाया पायजेत."

"सोलापुरात जहाज?" अव्वा म्हणाली.

"जहाज न्हवं गं. जहाजाची काठी. कापडाची करत्यात."

"कापडाची काठी? मग दगडाचं धोतर बी करत असतील."

तरी दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. टॉवेलच्या कारखान्याच्या ओळीनं असलेल्या शेडांमधल्या भिंती पाडून मालकानं एकच लांब शेड केली होती. समुद्रापासून एवढ्या लांब हे काम कशाला, असं त्याला सगळेच विचारत. तो सांगायचा, इथं कापड कळणारी माणसं आहेत आणि हवा कोरडी आहे. कोरड्या हवेबद्दल सोलापूरचं कौतुक करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

काम असं असायचं. कार्बनचं काळं कापड थंड खोलीतून यायचं, त्यात डिंकासारखं रसायन आधीच मुरलेलं. ते मापात कापायचं, पाठीचा कागद सोलायचा, लांबलचक साच्यात बसवायचं आणि बोटांनी दाबत दाबत आतली हवा काढायची. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. मग सगळं भट्टीत. कापडातल्या दोऱ्यांची दिशा प्रत्येक थराला बदलायची. काठीच्या लांबीबरोबर धावणारा थर शून्य, तिरका तो पंचेचाळीस, काटकोनात आडवा तो नव्वद. अव्वाला हे आकडे फार आवडले. घरात ते सगळ्याला लागू व्हायला लागले. दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं तिरकं झालं की "पंचेचाळीसात गेलं बघ." मी भिंतीला टेकून, पाय पसरून वाचत बसले की "जरा नव्वदात बस, पाठ मोडंल."

शिकायच्या दिवसांत बायकांना परातीएवढे सपाट तुकडे करायला दिले होते. अव्वाचा तुकडा भट्टीत जाईपर्यंत सगळ्यांत सुबक होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या चकचकीत काळ्या पाठीवर पाच फुगे आलेले होते. चिंचोक्याएवढे. चार ओळीत, एक जरा बाजूला.

अवधूत हा शेडचा इंजिनिअर. तेव्हा नवा होता आणि एवढ्या बायकांपुढं बोलताना लाजायचा. त्यानं खिशातलं नाणं काढून तुकडा वाजवून बघितला. सगळीकडे टणटण, फुग्यांवर भद्द.

"आत पाणी राहिलंय," तो म्हणाला. "भट्टीत त्याची वाफ होते आणि ती थर उचलते. पण पाणी आलं कुठून?"

मथुराबाईंनी हळूच अव्वाच्या कमरेकडं बघितलं. तिथं ओलं फडकं खोचलेलं होतं. हातात मोजे घातले होते, तरी थराची कड उचलायच्या आधी अव्वाची बोटं आपली आपण त्या फडक्याला लागून येत होती. पान उचलायच्या आधी वाटीला लागत, तशीच.

"सर," अव्वा म्हणाली, "ती बोटं माजी हायत."

तिनं मोजा काढला आणि हात त्या फुग्यांवर ठेवला. पाचही बोटं जागच्या जागी बसली.

अवधूत रागावला नाही. त्यानं थोडा विचार केला. "मावशी, बिडीचं पान पाण्यावाचून मरतं ना? ही पाण्यानं मरते. वादळात अशा एका फुग्यापासून चीर सुरू होते आणि वरपर्यंत जाते."

"मरती?"

"मरते. खाली माणसं असतात."

अव्वानं फडकं कमरेचं काढलं आणि मथुराबाईंच्या अंगावर टाकलं. "धर. तुज्या भाकरीला गुंडाळ." मग अवधूतला म्हणाली, "ह्यो तुकडा टाकणारच न्हवं? मग मला द्या."

तो तुकडा आमच्या घरी आला आणि माठाचं झाकण झाला. हलका, गंज न लागणारा, पडला तरी न फुटणारा. आल्यागेल्याला अव्वा दाखवायची, "माजा पयला पेपर. नापास." आणि वर, "नापास झालं म्हणून काय झालं, पाणी तर झाकतंय की."

त्या दिवसापासून तिची बोटं कोरडी झाली. ती कशालाही हात लावायच्या आधी बोटं पदराला पुसायची, एकेक करून, अंगठा शेवटी. पिठाच्या डब्याला, देवाच्या फोटोला, माझ्या पुस्तकाला. कधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायचा असला तरी आधी बोटं पुसायची. मी कुरकुरायची, "अव्वा, मी काय काठी आहे?"

"सवय लागलीय," ती म्हणायची. "मोडाय नको."

*

एका पुस्तकात मला तो शब्द सापडला आणि मी घरी येऊन तिला सांगितला. जहाजाच्या काठीला मराठीत डोलकाठी म्हणतात.

अव्वा भाकरी थापत होती. "डोलती म्हणून डोलकाठी?"

"हो. जहाज हललं की तीही डोलते."

"आमची कुटं डोलती? साच्यात आडवी, भट्टीत आडवी, गाडीत आडवी. मड्यागत." तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसला आणि हसायला लागली. "आन् आमच्यात तर मडं बी आडवं न्हेत न्हाईत."

ते खरं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. पाठ टेकवून, मान सरळ ठेवून बसवतात. तसंच बसवून मिरवत नेतात आणि बसवूनच माती देतात.

"मी ताट बसून जाणार," अव्वा म्हणाली, "आन् एवढी खपून केलेली काठी आडवी जाणार. ह्यो काय न्याव हाय?"

ते तिनं गमतीत म्हटलं होतं, पण मग ते तिच्या मनात बसलं. मला त्याचं मूळ ठाऊक होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या मागावर होते. ते मी शाळेत असतानाच गेले. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वज निघतात, उंचच्या उंच सजवलेल्या काठ्या, आणि कमरेच्या पट्ट्यात बुंधा घेऊन एकेक माणूस त्या पेलतो. त्याआधी महिनाभर सराव चालतो. आप्पा त्या सरावाला जायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अव्वा बायकांच्या घोळक्यात उभी राहून बघत होती. जमिनीवर पडलेली काठी चौघांनी उचलली, आप्पांनी बुंधा कमरेला घेतला, आणि ती हळूहळू उभी झाली. "आडवी हुती तवर नुसता बांबू," अव्वा सांगायची. "उभी राहिली आन् सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. माजे बी. तुज्या आप्पाला वाटलं, मी त्यालाच हात जोडले."

सबंध काठीचं काम सुरू झालं तेव्हा तिनं अवधूतला विचारलं. मी डबा द्यायला गेले होते, त्या दिवशी.

"सर, झाली की एकदा उभी करा. पाडव्याला गुढी उभारतो तशी."

"मावशी, तिला खाली पाया लागतो. वर मोठी क्रेन लागते. पडली तर?"

"पडंल कशी? आमी केलीय."

"तिला नव्वदात बघायची तर जहाजावरच बघायला पाहिजे."

"मग जहाज हितं आणा की. सिद्धेश्वराचं तळं हाय."

शेड हसली. अवधूतही हसला. पण त्याच्या तोंडून "बघू" निघालं नाही, आणि न जमणाऱ्या गोष्टीला तो कधी "बघू" म्हणत नाही हे अव्वाला माहीत होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. काठी अर्धी व्हायच्या सुमारास तिला जिना चढवेनासा झाला, मग बोलवेनासं झालं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून तंबाखूच्या धुळीविषयी सांगितलं. "मी जल्मात एक बिडी वढली न्हाय," अव्वा त्यांना म्हणाली. ते म्हणाले, "ओढावी लागत नाही." वरचे थर मथुराबाई आणि शेडमधल्याच शिवबाईंनी पुरे केले. रोज संध्याकाळी मथुराबाई येऊन सांगायच्या, आज कुठवर आलो. अव्वा डोळे मिटून ऐकायची आणि बोटं चादरीवर हलवत राहायची.

*

कोपऱ्यावर ऊन चढलं होतं. ट्रेलरचा ड्रायव्हर भिंतीकडं आणि अवधूत ड्रायव्हरकडं बघत होता. मग अवधूत हेल्मेट काढून अव्वाच्या खुर्चीपाशी आला आणि खाली बसला.

"मावशी, भिंतीवरून न्यावी लागणार. या ट्रेलरला उचलायची सोय आहे. घाटासाठी घेतली होती."

"उचलायची म्हंजी?"

"बुंधा गच्च धरलेला राहतो. शेंडा वर जातो."

अव्वानं माझं मनगट धरलं.

"पुरती उभी नाही होणार," अवधूत म्हणाला. "तसं समजू नका."

"मी कुटं काय म्हणलं?"

वरून विजेच्या तारा जात होत्या. वायरमननं लाइन बंद करायला कुणालातरी फोन लावला. थोडा वेळ गेला आणि मग आख्ख्या परिसरातले माग एकदम थांबले. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला माग चालू असताना ऐकू येत नाहीत, थांबले की ऐकू येतात. शेडाशेडांतून माणसं बाहेर आली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. कुणी भिंतीवर चढलं, कुणी सायकलच्या कॅरिअरवर उभं राहिलं. टॉवेलवाला आपल्या नव्या भिंतीजवळ अपराध्यासारखा उभा होता.

"शिट्टी वाजवू नका रे कुणी," मथुराबाई म्हणाल्या. कुणीच वाजवत नव्हतं.

अवधूतनं हात वर केला. ट्रेलरवरचं यंत्र घरघरलं आणि काठीचा शेंडा जागचा हलला. आधी वाटलं, भास झाला. मग तिच्याखालून पलीकडचं आभाळ दिसायला लागलं. शेंडा भिंतीच्या वर गेला, शेडच्या पत्र्याच्या वर गेला, कडुनिंबाच्या वर गेला. काळ्या पाठीवरून ऊन खाली घरंगळत आलं. माणसांच्या माना मागं मागं जात होत्या. आपण घरात ज्याच्याविषयी इतकी वर्षं बोललो ते एवढं आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. शेडमध्ये नेहमी तिचं एक टोक तेवढं दिसायचं.

"तीस," मथुराबाई पुटपुटल्या. "निगंल की एवढ्यात."

अवधूतचा हात वरच होता. काठी आणखी चढली. मग यंत्र थांबलं आणि ट्रेलर मुंगीच्या पावलानं वळायला लागला. शेंडा नव्या भिंतीवरून, रंगखात्याच्या चिमणीच्या बाजूनं, बंद तारांवरून सावकाश फिरला. वळण पार झालं. रस्ता आता सरळ होता. काठी उतरवायला हरकत नव्हती, आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून खुणेची वाट बघत होता. पण अवधूतनं हात खाली घेतला नाही. तो आमच्याकडं पाठ करून उभा होता.

अव्वानं माझं मनगट सोडलं. तिनं बोटं पदराला पुसली, एकेक करून, अंगठा शेवटी. मग हात जोडले.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. मैदानाकडून वाऱ्याची एक झुळूक आली. शेंडा किंचित थरथरला.

"साकु," अव्वा म्हणाली. पुरे म्हणताना ती नेहमी कानडीतच म्हणायची. मग होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून तिनं हाक मारली. "सर! उतरवा तिला. वारं हाय."

अवधूतचा हात लगेच खाली आला.

काठी ट्रेलरवर पुन्हा आडवी झाली. तारांत वीज आली आणि माग सुरू झाले, आणि थोड्या वेळानं ऐकू येईनासे झाले. अवधूत खुर्चीजवळ आला.

"तिसातच निगाली असती," अव्वा त्याला म्हणाली.

"वाऱ्याचा अंदाज घेत होतो, मावशी."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "घ्यावा लागतोय की."

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. घराची गल्ली आली तेव्हा बोलली. "पंचेचाळीसात आली. नव्वद राहिले. ते तू बघ."

*

पुढच्याच महिन्यात तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटी शेवटी तिचे ओठ सारखे कोरडे पडायचे. पाणी पाजू नका, ठसका लागेल, नुसतं ओठांना लावा, असं नर्सनं सांगितलं होतं. मी वाटीत बोटं बुडवून तिच्या ओठांना लावली. डोळे मिटलेले होते. तिचा हात चाचपडत वर आला, त्यानं माझी बोटं धरली आणि चादरीच्या कडेनं पुसली. एकेक करून. अंगठा पुसायचा राहिला.

आमच्यात करतात तसंच सगळं झालं. तिला इरकल नेसवली, भस्म लावलं, बसवलं. मान जरा कलत होती. मथुराबाईंनी ती सरळ केली, पदर सारखा केला, आणि दोन पावलं मागं होऊन, शेडमध्ये थर सरळ बसलाय का बघतात तसं, एक डोळा मिटून बघितलं. मग परत जाऊन पाठीमागची उशी किंचित हलवली.

शेडच्या बायका त्या दिवशी सगळ्या आल्या होत्या. अवधूत बाहेर रस्त्यावर उभा होता.

मग बरेच महिने गेले. वाचनालय, घर, वाचनालय. उन्हाळा लागला तशी मी माळ्यावरचा जुना माठ काढला, घासला, भरला, त्याच्यावर काळं झाकण ठेवलं. एका रविवारी मथुराबाई शेवयांचं पुडकं घेऊन आल्या आणि अव्वाच्या जागेवर न बसता तिच्या शेजारच्या जागेवर बसल्या. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. अवधूतचा निरोप होता. तो काठीबरोबर गोदीवर गेला होता, हे मला मथुराबाईंकडून कळलं होतं. निरोपात एकच शब्द होता.

नव्वद.

खाली व्हिडिओ. मी फोन मथुराबाईंच्या जवळ नेला आणि आम्ही दोघींनी डोकी जुळवून बघितला. पाणी, पाण्यावर जहाज, जहाजाच्या मधोमध काठी. उभी. एवढी उंच की अवधूतला ती एका चित्रात मावेना. त्यानं फोन खालून वर नेला होता आणि वर पोचायला त्याला वेळ लागला होता.

"पांढरी केली व्हय तिला?" मथुराबाई म्हणाल्या.

"रंग दिलाय. उन्हासाठी देतात."

"आत काळं हाय की आपलं." त्यांनी डोळे बारीक केले. "परत लाव. वरचं दाव. तितं वरचा थर माजा हाय. बुडाचा सगळा बसव्वाचा."

मी परत लावला. या वेळी मी फक्त शेंडा बघत राहिले. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, समुद्र शांत होता. तरी आभाळावर शेंड्याची जागा बदलत होती. थोडी डावीकडं, मग थोडी उजवीकडं.

"डोलतीय," मथुराबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ तो तोंडावरून काढला नाही. मग म्हणाल्या, "सिद्दव्वा, जरा पाणी दे गं."

मी स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण बाजूला घेतलं, तांब्या बुडवून भरला. झाकण परत ठेवायला हात पुढं केला, आणि थांबले. बोटं ओली होती. मी ती ओढणीला पुसली, एकेक करून, अंगठा शेवटी, आणि मग झाकणाला हात लावला.